नवरा-बायकोतले बोलणे

स्मृतिदर्शक यंत्राच्या खुर्चीत बसवलेल्या आरोपीने एकदा डोक्यावरच्या पांढऱ्या शिरस्त्राणाकडे पाहिले, एकदा समोरच्या काचेकडे पाहिले आणि विचारले, "इथे चहा मिळतो का?"

"चहा नंतर, काका," उपनिरीक्षक ओंकार पाटोळे म्हणाले. "आधी आठवणी बघू. मग चहाच चहा."

"कोणी काही बघणार नाही," दारातून आवाज आला. "माझ्या अशिलाची संमती नाही."

आवाज अ‍ॅडव्होकेट शमा नदाफचा होता. ज्यांना वकील नसतो त्यांना सरकार वकील देते; तशी ती दिलेली होती. सरकारने पकडलेल्या माणसाला सरकारनेच दिलेल्या वकिलाने सोडवायचे, ही व्यवस्था नव्या माणसाला चमत्कारिक वाटते. शमाला सोळा वर्षांच्या वकिलीनंतर ती जगातली एकमेव शहाणी व्यवस्था वाटत असे.

"मॅडम, काकांनी गुन्हा कबूल केलाय," पाटोळे म्हणाले. "कबूल केलेल्या माणसाला लपवायला काय राहतं?"

"तुमच्यासमोर केलाय. पोलिसांसमोरची कबुली पुरावा नसते."

"म्हणून तर यंत्र."

"यंत्राला संमती लागते. स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती कोणावरही करता येत नाही. घटनेत लिहिलंय. तेव्हा हे यंत्र नव्हतं, पण सक्ती होती."

आरोपी तुषार खरोशे हे संभाषण टेनिसच्या सामन्यासारखे दोन्हीकडे मान वळवत ऐकत होता. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्यावर फिरलेला, पंच्याहत्तरीकडे झुकलेला, उंच आणि आता जरा वाकलेला माणूस. तो नम्रपणे म्हणाला, "मीच कापली हो ती केबल. बघायचं तर बघू द्या त्यांना. तुम्ही कशाला भांडताय?"

"काका, तुम्ही गप्प बसा. तो तुमचा हक्क आहे आणि मी तो तुम्हाला वापरायला लावणार आहे."

प्रकरण असे होते. कृष्णाकाठी नव्याने वसवलेल्या या शहराला 'आनंदी शहर' असा दर्जा मिळालेला होता. दर्जा टिकवण्यासाठी सार्वजनिक आनंद संरक्षण कायदा होता. चालू असलेल्या आनंदात जो कोणी अडथळा आणेल त्याला जामीन नाही, आणि सात वर्षांपर्यंत कैद. आनंद म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नव्हती. त्याच्या आवाजाची मर्यादा मात्र होती, आणि ती किमान मर्यादा होती.

मागच्या आठवड्यात एका नगरसेवकाच्या वाढदिवसानिमित्त खरोशांच्या घरासमोर स्पीकरवर स्पीकर रचलेली तीन मजली ध्वनिभिंत उभी राहिली. भर दुपारी, भिंत ऐन रंगात असताना, कोणीतरी तिची मुख्य केबल झाडे छाटायच्या कात्रीने कापली. पाऊण तास शहराचा तो भाग आनंदावाचून राहिला. कोणाला इजा झाली नाही, पण शहराचे मानांकन एका क्रमांकाने घसरले. पोलीस दारोदार चौकशीला निघाले, आणि पहिल्याच दारात तुषार खरोशे म्हणाला, "मीच. न्हाणीघरातले रबरी हातमोजे घातले होते. या ना, बसा."

त्याची बायको वृषाली आतून धावत आली आणि म्हणाली की त्याने नाही, तिने कापली. पाटोळ्यांनी ते नोंदवले नाही. आरोपींच्या बायका हेच म्हणतात, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवले होते.

संमती नाही म्हटल्यावर पाटोळ्यांनी आरोपीला उठवले. व्हरांड्यात बाकावर वृषाली डबा घेऊन बसली होती. आरोपीशी बोलायचे नाही अशी तिला ताकीद होती, म्हणून ती नुसती उभी राहिली. तुषारने जाता जाता तिच्याकडे पाहून हात जोडले. "नमस्कार, ताई," तो म्हणाला आणि पुढे गेला.

वृषाली खाली बसली.

"काल मला 'वृषाली' म्हणाला होता," ती शमाला म्हणाली. "लांबून. पण म्हणाला होता."

शमा परत प्रयोगशाळेत गेली. डॉक्टर निहार कुंभोजकर यंत्र बंद करत होते. चांगले यंत्र चालवायला न मिळाल्याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"डॉक्टर, त्यांचा स्मृतिसेतू तुम्हीच बसवला ना?"

"दोन वर्षांपूर्वी. कानामागे एक बटण त्यांच्या, एक काकूंच्या. काकांच्या मेंदूत नवीन काही टिकत नाही, आणि जुनंही रोज थोडं थोडं झिजतं. म्हणून संध्याकाळी दोघांनी समोरासमोर बसून जुळणी करायची. काकूंनी दिवस आठवायचा, सेतू तो ठसा काकांच्या मेंदूत उमटवतो. रोज गिरवलं तर राहतं. नाही गिरवलं तर जातं."

"आणि पोलिसांनी तो सेतू मुद्देमाल म्हणून लाखबंद केलाय."

"हो. आज तिसरा दिवस." डॉक्टरांनी चष्मा काढला. "आठवडा गेला तर मी काही सांगू शकणार नाही. पुन्हा गिरवायला आधी काहीतरी पुसट तरी उरावं लागतं."

"मग केबल कापल्याचं त्यांना इतकं लख्ख कसं आठवतं? बायको पुसट होतेय आणि हातमोजे पक्के?"

"भीती आणि माया यांचे ठसे खोल असतात. ते शेवटी जातात. त्या दुपारच्या आठवणीत दोन्ही असणार."

"कोणाच्या आठवणीत?"

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"मला साधं सांगा," शमा म्हणाली. "काकूंनी काही पाहिलं आणि ते सेतूवरून काकांकडे गेलं. सकाळी काकांना काय वाटतं? की बायकोनं पाहिलं?"

"नाही. आठवणीवर मालकाचं नाव नसतं, मॅडम. आठवण म्हणजे कोणीतरी डोळ्यांमागून पाहिलेलं जग. ज्याच्या डोक्यात ती उमटते त्याला वाटतं, हे डोळे माझे. म्हणून आम्ही बजावून सांगतो, दोघं बरोबर असताना घडलेलंच पाठवा. बरोबर जेवलात, बरोबर फिरलात. मग कोणाच्या डोळ्यांनी पाहिलं यानं फारसं बिघडत नाही."

"आणि काकू तेवढंच पाठवतात?"

"ते तुम्ही त्यांना विचारा. मी लग्न केलेलं नाही."

वृषालीला विचारायला फार वेळ लागला नाही.

"मी सगळंच पाठवते," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून संध्याकाळी चहा घेताना मी त्याला दिवसभराचं सगळं सांगते. भाजीवालीशी भांडले तेसुद्धा. आता काय निवडत बसू, हे तुझं, हे माझं? त्या दिवशीही तसंच पाठवलं. नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याला विचारायला सुद्धा काही उरलं नसतं."

"म्हणजे केबल…"

"मी कापली! कधीपासून सांगतेय! त्या साहेबांना सांगा ना, मला धरा आणि त्याला सोडा."

शमाने तिचा हात धरला. "काकू, हळू. तुम्हाला धरलं तर काय होईल? तुम्ही तुरुंगात, काका घरी. सेतूचं दुसरं टोक कुठे असेल?"

वृषालीच्या हे लक्षात आले नव्हते. आले तेव्हा तिने डब्याचे झाकण उघडले, आत पाहिले आणि परत लावले.

"त्यांना ठेवलं काय आणि तुम्हाला ठेवलं काय," शमा म्हणाली, "आठवड्यात सगळं पुसलं जाणार. म्हणून तुमच्यापैकी कोणीही आत जायचं नाही. तुम्ही उद्या कोर्टात यायचं आणि 'मी केलं' हे दोन शब्द बोलायचे नाहीत."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं नाही. गप्प बसायचं. या दोन्हींतला फरक कळायला माणसांना काही हजार वर्षं लागलीत काकू, आपण तो एका दिवसात घालवायला नको."

दुसऱ्या दिवशी पाटोळ्यांनी आरोपीला कबुलीजबाब नोंदवण्यासाठी न्यायदंडाधिकारी अवनी साळोखे यांच्यासमोर उभे केले. यंत्र नाही तर नाही. न्यायालयासमोरची कबुली हा पुरावा असतो, आणि काका तर विचारायच्या आधी सांगणारे. पाटोळे माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी तुषारला वाटेत चहा पाजला होता.

साळोखे मॅडमनी नियमाप्रमाणे सुरुवात केली. "तुम्ही कबुली देण्यास बांधील नाही, हे समजलं का?"

"समजलं."

"दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल."

"वापरा की."

"पोलिसांनी मारहाण, धमकी, आमिष?"

"चहा दिला," तुषार म्हणाला. पाटोळ्यांनी छताकडे पाहिले.

"ठीक आहे. विचार करायला तुम्हाला उद्यापर्यंत वेळ देते."

"हरकत आहे," शमा म्हणाली.

कारकुनाने मान वर केली. आरोपीचा वकील पुढच्या तारखेला हरकत घेतो आहे, हे त्या इमारतीत याआधी घडलेले नव्हते.

"मॅडम, विचार करायला वेळ हा आरोपीचा हक्क आहे, मान्य. पण माझ्या अशिलाच्या डोक्यातून रोज एक दिवस जातोय. काल त्यांनी स्वतःच्या बायकोला 'ताई' म्हणून नमस्कार केला. हक्क म्हणून दिलेला वेळ त्यांच्याकडून सगळंच काढून घेईल. जे विचारायचं ते आज विचारा."

साळोखे मॅडमनी वैद्यकीय अहवाल वाचला. मग त्या तुषारकडे वळल्या. आवाज जरा खाली आला होता. "खरोशे, मला एकच सांगा. तुम्हाला कबुली का द्यायची आहे?"

"कारण मी केलं. आणि केलं ते बरं केलं." तुषारने कठड्यावर दोन्ही हात ठेवले. "आमच्या घरात एक म्हातारा असतो, मॅडम. कोण, कुठला, मला माहीत नाही. पण असतो. उंच आहे, वाकलाय जरा. त्या दुपारी ती भिंत वाजायला लागली आणि तो पलंगाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. कानांवर हात. रडत होता हो. एवढा मोठा माणूस, त्याला कळेना आवाज कुठून येतोय. त्याला वाटलं घर पडतंय. मी त्याच्या कानांवर माझे पण हात ठेवले, तरी ऐकू येत होतं. मग मला राहवेना. कात्री घेतली आणि गेलो."

"त्याच्याशी तुमचं नातं काय?"

तुषारने बराच विचार केला. "ते आठवत नाही. पण त्याला बघितलं ना, की इथे," त्याने छातीवर हात ठेवला, "असं होतं. मला वाटतं, मी त्याच्यासाठी काहीही केलं असतं. केबल काय, मी ती भिंत पाडली असती."

बोलता बोलता त्याला ठसका लागला. खोकला थांबेना. मागच्या बाकावरून वृषालीने इतका वेळ पाळलेले मौन मोडले. सांगितले होते ते दोन शब्द मात्र तिने उच्चारले नाहीत.

"अरे, आधी पाणी पी," ती म्हणाली.

तुषारचा खोकला थांबला. त्याने मागे वळून पाहिले. त्याचा चेहरा उजळला, पण नजर तिच्यावर न थांबता खोलीभर फिरत राहिली.

"कोण बोललं?" साळोखे मॅडमनी विचारले.

"मी," तुषार म्हणाला.

"तुम्ही खोकत होता."

"नाही, पण हा माझाच आवाज." तो अगदी ठामपणे बोलत होता. "बाहेरून जरा पातळ वाटला, पण माझाच. मॅडम, मी काय माझा आवाज ओळखणार नाही? त्या म्हाताऱ्याला मी याच आवाजात म्हटलं होतं, घाबरू नकोस, आत्ता बंद होईल."

पाटोळ्यांना काही कळले नाही. डॉक्टर कुंभोजकरांना कळले. साक्षीदारांच्या बाकावर त्यांनी चष्मा काढून हातात धरला. वृषालीने पदर तोंडाशी नेला. दोन वर्षे ती या माणसाला रोज संध्याकाळी दिवस सांगत होती. त्याला पलंगाच्या कोपऱ्यात बसलेला पाहून तिला काय झाले होते, हे मात्र तिने कधी शब्दांत सांगितले नव्हते, कारण ते सांगता येत नाही. आणि तो ते सगळे भरल्या न्यायालयात जसेच्या तसे सांगत होता.

शमा उभी राहिली.

"माझी हरकत नोंदवावी. आरोपी आत्ता जे सांगताहेत ती त्यांची आठवण नाही. ते त्यांना त्यांच्या पत्नीनं सांगितलेलं आहे. तोंडानं नाही, सेतूवरून. पण सांगितलेलंच. साक्षीच्या कायद्याप्रमाणे, लग्न टिकून असताना जोडीदारानं जोडीदाराला सांगितलेलं न्यायालयात उघड करता येत नाही. सांगणाऱ्याची संमती असल्याशिवाय नाहीच. मॅडम, ही कबुली नाही. हे नवरा-बायकोतलं बोलणं आहे."

"तो कायदा दीडेकशे वर्षांपूर्वीचा आहे," पाटोळे न राहवून म्हणाले.

"नवरा-बायको त्याच्याही आधीचे आहेत," साळोखे मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी मागे पाहिले. "श्रीमती खरोशे, पुढे या. तुमच्या पतीनं सांगितलेलं नोंदवायला तुमची संमती आहे का? नीट विचार करून बोला. संमती देण्याची तुमच्यावर सक्ती नाही. आणखी काही सांगण्याचीही सक्ती नाही."

वृषाली पुढे आली. तिला खरे सांगून टाकायचे होते, हे तिच्या चेहऱ्यावर इतके स्वच्छ दिसत होते की साळोखे मॅडमनी सौजन्य म्हणून कागदात पाहिले. तुषार कठड्यापलीकडून तिच्याकडे एखाद्या अनोळखी, भल्या बाईकडे पाहावे तसा पाहत होता.

"मी आणि माझा नवरा काय बोलतो ते मी कोणाला सांगत नाही," वृषाली म्हणाली. "सासूबाईंनासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांनी फार प्रयत्न केला होता."

कारकून हसला आणि मग हसला नाही असे त्याने केले.

"संमती नाही," साळोखे मॅडमनी लिहिले. "कबुली नोंदवता येत नाही. तिच्याखेरीज आरोपीविरुद्ध काही पुरावा?"

"हातमोजे आहेत," पाटोळे म्हणाले.

"माझ्याही घरी आहेत. आरोपीला सोडण्यात येत आहे. सेतू आज, आत्ता परत करा. कागदपत्रं नंतर होतील."

"पण मॅडम, मग केबल कापली कोणी?"

"ते शोधणं तुमचं काम आहे, पाटोळे. आरोपीनं ते तुमच्यासाठी करून द्यावं, अशी कायद्यात सोय नाही."

पाटोळ्यांनी वृषालीकडे पाहिले. मग तुषारकडे पाहिले. त्यांचे वडीलही अलीकडे त्यांना कधीकधी 'साहेब' म्हणत असत. लाख फोडताना त्यांनी बोटाला कापून घेतले, आणि नंतर तपासाच्या कागदावर ते इतकेच लिहू शकले की गुन्हेगाराचा शोध जारी आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर वृषालीने चहा ठेवला. रस्त्यापलीकडे ध्वनिभिंतीच्या लोखंडी सांगाड्यावर कावळे बसले होते. तुषार खुर्चीत बसून पाहुण्यासारखा इकडेतिकडे पाहत होता. घर त्याला आवडलेले दिसत होते.

तिने सेतूचे बटण त्याच्या कानामागे बसवले, स्वतःच्याही कानामागे बसवले आणि नेहमीसारखी त्याच्यासमोर बसली. खटका दाबायला बोट नेले आणि ते तसेच राहिले.

दोन वर्षे ती अशीच त्याच्यासमोर बसली होती. दोन वर्षे तिने त्याला सगळे दिले होते: भाजी, ऊन, भांडणे, तो स्वतः. त्यात ती कुठेच नव्हती. असणार कशी? दिवसभर तिचे डोळे त्याच्यावर होते. तिच्या आठवणींत तिचा आवाज होता, तिचे हात होते, पण तिचा चेहरा कधी आलाच नव्हता. तो तिला विसरला नव्हता. तिनेच स्वतःला पाठवले नव्हते.

ती उठली. केस विंचरले, सुती साडीचा पदर नीट केला. मग कपाटाचे आरशाचे दार उघडून बाहेर वळवले, तुषारची खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि शेजारी आपली ठेवली.

"कुठे निघालो का आपण?" तुषारने विचारले.

"नाही. बस."

तो आरशात पाहू लागला. "हा बघ," तो हळूच म्हणाला. "हाच तो. सोडलं का त्याला?"

"सोडलं."

"बरं झालं." त्याने आरशातल्या म्हाताऱ्याला मान लववून नमस्कार केला, आणि म्हाताऱ्यानेही केला. मग त्याची नजर शेजारी गेली. तिथे बराच वेळ राहिली.

"ही त्याची बायको असावी," तो म्हणाला.

"कशावरून?"

"बघते बघ कशी त्याच्याकडे."

वृषालीने मग नजर त्या म्हाताऱ्यावरून काढली. ती काढणे तिला जड गेले. जरा लाजत तिने ती आरशातल्या बाईच्या चेहऱ्यावर ठेवली, तिथेच धरून ठेवली, आणि खटका दाबला.